वाढत्या अंगाचं खोगीर

सिंगापुरात एका पांढऱ्या घोड्याच्या पाठीवर पंधरा दिवस माझ्या आईच्या इरकली साडीचा काठ उमटलेला होता. याला मी एकटा जबाबदार आहे. घोड्याचा यात काही दोष नव्हता, आणि साडीचाही नव्हता.

आमची इरा दहा वर्षांची. शाळेत बोलत नाही, लिफ्टमध्ये बोलत नाही, घरी पाहुणे आले की आतल्या खोलीत गायब होते. मधुराने, म्हणजे माझ्या बायकोने, तिला चित्रकलेला घातलं, पोहण्याला घातलं, शेवटी एका मैत्रिणीच्या नादाने घोड्यावर बसवलं. तिथे टोफू नावाचा घोडा होता. तबेल्यातला सगळ्यांत जुना, सगळ्यांत पांढरा आणि सगळ्यांत शांत. त्याच्याशी मात्र इरा तासभर बोलायची. (काय बोलायची ते आम्हाला कधीच कळलं नाही. आम्ही जवळ गेलो की दोघंही गप्प व्हायचे.)

तिथल्या मिस लिम अमेरिकन गुराख्यांच्या पद्धतीचं घोड्यावर बसणं शिकवतात. त्याला लागणारं खोगीर चांगलंच मोठं असतं, पुढे धरायला मूठ असलेलं, झोपाळ्यासारखं ऐसपैस. तबेल्याच्या फॅमिली डेला इरा टोफूवर बसून तीन पिंपांना वळसे घालून दाखवणार होती. चार महिने तिची तयारी चालली होती. पन्नास माणसांसमोर काहीतरी करायला ती आपणहून तयार झाली, अशी ही पहिलीच वेळ. मधुराने तर तारखेभोवती कॅलेंडरवर लाल गोल केला होता.

आणि नेमका तेव्हाच टोफूच्या जुन्या खोगिराचा पट्टा तुटायला आला. मिस लिम म्हणाल्या, "मी नवीन मागवते." इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मी एका बँकेत प्रोक्युरमेंटमध्ये आहे. अठरा वर्षं खुर्च्या, प्रिंटर आणि अग्निशामक यंत्रं निवडतोय. नवीन काही मागवायचंय असं कुणी म्हटलं की माझे कान टवकारतात.

"मॅडम, निवडायचं काम माझ्यावर सोडा," मी म्हणालो. "आमच्याकडून टोफूला भेट."

मिस लिमनी दोनदा नको म्हटलं, तिसऱ्यांदा हो म्हटलं, आणि माझ्या हातात पुठ्ठ्याचा एक तुकडा दिला. कमानीसारखा कापलेला. "हे बरोबर ठेवा, महत्त्वाचं आहे," असं काहीसं त्या म्हणाल्या. मला वाटलं, मुलांनी क्राफ्टमध्ये काहीतरी केलं असेल. घरी आल्यावर तो मी टेबलावर टाकला. दुसऱ्या दिवशी आईने त्याची घडी केली आणि डुगडुगणाऱ्या कपाटाच्या पायाखाली सारली.

आई तेव्हा सांगलीहून तीन महिन्यांसाठी आमच्या मरीन परेडच्या फ्लॅटमध्ये आली होती. रात्री जेवणानंतर मी लॅपटॉप उघडून सगळ्यांना एक्सेल शीट दाखवली. चौदा खोगिरं, अकरा रकाने. चामडं, रंग, वजन, शिलाई, वॉरंटी, ग्राहकांचे अभिप्राय, बैठकीची लांबी, बरंच काही.

"आपल्या इरासाठी बारा इंची बैठक बरोबर होतेय," मी म्हणालो.

आईने चष्मा लावला. "दहा वर्षांच्या पोरीला बारा इंची घेशील, आणि पुढच्या वर्षी? वाढत्या अंगाचं घे, नंदू."

आता हे वाक्य आमच्या घरात घटनेतल्या कलमासारखं आहे. माझी पहिलीची चड्डी मी चौथीपर्यंत वापरली. दरवर्षी आई दुमड उसवायची. माझ्या बुटांत पुढे कापूस असायचा. सायकल अशी मिळाली की दोन वर्षं मी नळीखालून पाय घालून लंगडी चालवली. यातून माझं काहीही वाईट झालं नाही, असं मी त्या शनिवारपर्यंत समजत होतो.

मी सोळा इंची बैठक निवडली. खाली आणखी एक प्रश्न होता, खोगिराच्या आतल्या सांगाड्याची रुंदी. अरुंद, मध्यम, रुंद आणि अतिरुंद. अतिरुंदपुढे कंसात लिहिलं होतं, 'नांगराच्या घोड्यांसाठी'. म्हटलं, अतिरुंदच असू दे, हवा खेळती राहील.

"तू मिस लिमना एकदा विचार ना," मधुरा म्हणाली.

"मधुरा, मी प्रोक्युरमेंटमध्ये आहे."

"तू खुर्च्या घेतोस."

"हीसुद्धा बसायचीच वस्तू आहे," मी म्हणालो, आणि बटण दाबलं. नंतर मिस लिमना मेसेजही केला की नवीन येतंय, जुनं टाकून द्या. त्यांनी ते खरंच टाकून दिलं.

खोगीर आलं. खोकं लिफ्टमध्ये मावेना, म्हणून वॉचमनकाकांनी आणि मी ते खाली फोडलं. हॉलमध्ये सोफ्याच्या हातावर त्याची स्थापना झाली. आईने हळदकुंकू वाहिलं, वर दोन अक्षता टाकल्या आणि हात जोडले. इरा चढून बसली. तिच्या मागे आणखी एक इरा बसेल एवढी जागा उरली, आणि पाय रिकिबींपासून वीतभर वर लोंबत राहिले.

"बाबा, इट्स सो ह्यूज लाह."

"होशील गं मोठी."

"मी होईन. बट टोफू?"

हा प्रश्न किती खोल आहे हे मला तेव्हा कळलं नाही. मी तिच्या डोक्यावर थोपटलं.

फॅमिली डेच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, रंगीत तालीम होती. आम्ही चौघं टॅक्सीने तबेल्यात गेलो. आईने तिच्या जुन्या इरकली साडीची गोधडी बरोबर घेतली होती. सिंगापूरच्या टॅक्सीतल्या एसीवर तिचा विश्वास नाही, ती खांद्यावर गोधडी पांघरूनच प्रवास करते. टोफूला तालमीसाठी नुकतीच आंघोळ घातली होती. मी मोठ्या ऐटीत खोगीर त्याच्या पाठीवर ठेवलं. ते डावीकडे झुकलं. सरळ केलं, तर उजवीकडे झुकलं.

मिस लिमनी खोगीर आणि घोडा यांच्यामध्ये हात घातला. हात कोपरापर्यंत आत गेला.

"मिस्टर नंदू, हे फार रुंद आहे. तुम्ही कार्ड लावून पाहिलं नाही?"

"कुठलं कार्ड?"

"टोफूच्या पाठीचं माप. पुठ्ठ्याचं. मी दिलं होतं."

माझ्या डोळ्यांसमोर आमचं कपाट उभं राहिलं. गेले तीन आठवडे ते अजिबात डुगडुगत नव्हतं.

"म्हणजे खोगिराचं माप घोड्यावरून घेतात?" मी विचारलं.

"मग कशावरून घेणार?"

अकरा रकाने होते. त्यात घोड्याचा रकाना नव्हता. पण माणूस चूक कबूल करण्याआधी एकदा तरी संस्कारांकडे धाव घेतोच. मी म्हणालो, "हरकत नाही. आत्ता जरा सैल आहे, हळूहळू त्याच्या अंगाबरोबर..."

"सर," मिस लिम अत्यंत सौम्यपणे म्हणाल्या, "ही इज नाइन्टीन."

"एकोणीस म्हणजे घोड्यांत..."

"आजोबा."

शेजारी उभ्या असलेल्या दोन चिनी आया दुसरीकडे पाहू लागल्या. मधुराने डोळे मिटून घेतले. इरा फक्त माझ्याकडे बघत होती. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. तिथे नुसती काळजी होती, आणि ती उद्याची होती.

मिस लिम म्हणाल्या, "मी येईपर्यंत कुणी बसू नका. मी शेजारच्या तबेल्यात खोगीर उसनं मिळतं का बघते." आणि त्या गेल्या.

त्या दहा मिनिटांत मी नुसता उभा राहिलो असतो, तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण आई म्हणाली, "अरे, बुटात कापूस घालायचो ना आपण?" आणि खांद्यावरची गोधडी काढून माझ्या हातात दिली. खोगीरभरती हा शब्द मी आजवर दुसऱ्यांच्या भाषणांबद्दलच वापरत आलो होतो. ती प्रत्यक्षात करायची वेळ माझ्यावर येईल असं वाटलं नव्हतं. गोधडीची चौघडी करून मी ती टोफूच्या ओल्या पाठीवर पसरली, वर खोगीर ठेवलं, पोटाखालून पट्टा आवळला. मऊ बाजू आत ठेवली, कारण मला घोड्यांबद्दल कळवळा आहे. मऊ बाजू म्हणजे आईची लाल इरकल.

"बाबा, डोन्ट. मिस लिम नको म्हणाल्या," इरा म्हणाली.

"तू पडायला नकोस म्हणून मी आधी बघतो," मी म्हणालो, आणि रिकिबीत पाय टाकला.

माझं वजन ब्याऐंशी किलो. खोगीर अतिशय समजूतदारपणे, मला बरोबर घेऊन, टोफूच्या कुशीवरून खाली उतरलं आणि त्याच्या पोटाखाली जाऊन थांबलं. मी वाळूत उताणा पडलो होतो. एक पाय रिकिबीत होता, आणि बरोबर वर टोफूचं पोट. हा घोडा उधळला असता तर मी आज हे लिहायला नसतो. टोफूने मान वळवून खाली पाहिलं, उसासा सोडला आणि समोरचं गवत खायला लागला. कुठल्याही प्राण्याने मला इतकं अचूक ओळखलेलं नाही.

मधुराने पट्टा सोडवला, मी निघालो, खोगीर निघालं, गोधडी निघाली. आणि मग आई म्हणाली, "अगं बाई."

टोफूच्या पांढऱ्याशुभ्र पाठीवर लालभडक डाग, आणि दोन्ही बाजूंना रुईफुली काठ. चाळीस वर्षांत धुण्यात कधी रंग न सोडलेल्या त्या साडीने सिंगापुरात, घोड्यावर, जीव ओतला होता.

नेमक्या तेव्हाच मिस लिम दुसरं खोगीर घेऊन धावत आल्या. छान, बेताचं, टोफूच्या मापाचं होतं. त्यांनी टोफूकडे पाहिलं आणि खोगीर हातातून खाली पडलं.

"इज ही ब्लीडिंग?"

"नो, नो," मी घाबरून म्हणालो, "दॅट इज माय मदर."

सगळा खुलासा व्हायला वेळ लागला. मिस लिम माझ्यावर ओरडल्या नाहीत. त्यांनी एवढंच सांगितलं की डॉक्टर येऊन टोफूची कातडी तपासेपर्यंत त्याच्या पाठीवर काहीही ठेवायचं नाही. डॉक्टर सोमवारी येणार होते. फॅमिली डे रविवारी होता.

इराने बादली आणली आणि टोफूला धुवायला लागली. रंग गुलाबी झाला, पण गेला नाही. मी तिच्याजवळ जाऊन म्हणालो, "बेटा, मी तुझ्यासाठीच..."

"ते कार्ड मी केलं होतं," ती न बघता म्हणाली. "वायर वाकवून. मिस लिमनी शिकवलं होतं. तू मला विचारलंच नाहीस, बाबा."

मला फार लाज वाटली. पडल्याची नाही, ती उठल्यावर झटकली जाते. अकरा रकान्यांत घोड्याचा रकाना नव्हता, आणि ज्या मुलीसाठी हा सगळा खटाटोप, तिचाही नव्हता.  परतताना टॅक्सीत आई गोधडीशिवाय कुडकुडत बसली होती.

रविवारी इरा पिंपांना वळसे घालून आली, पण पायी. हातात दोरी, मागून गुलाबी टोफू. लोकांना वाटलं मुद्दामच रंगवलाय, मुलं फोटोसाठी धावली. कुणीतरी विचारलं, हा असा का? इराने मिस लिमकडून माइक घेतला. लिफ्टमध्ये न बोलणारी आमची इरा पाच मिनिटं बोलली. खोगीर कसं निवडतात, माप कुठे घेतात, रुंद झालं तर काय होतं. उदाहरणं तिला शोधावी लागली नाहीत. "फॉर एक्झाम्पल, माय फादर," असं ती तीनदा म्हणाली, आणि तिन्ही वेळा पन्नास माणसं वळून माझ्याकडे बघून हसली. मधुरा रडत होती. मी एका खांबाच्या मागे होतो, पण तो खांब माझ्या मानाने अरुंद निघाला.

खोगीर परत गेलं नाही. दुकानाने कळवलं की वापरलेला माल घेत नाही, आणि बैठकीवर पिवळे-लाल डाग कसले आहेत? ते पुन्हा सोफ्याच्या हातावर येऊन बसलं. इरा माझ्याशी चार दिवस जेवढ्यास तेवढंच बोलली.

पाचव्या दिवशी ती हातात वायर आणि नवा पुठ्ठा घेऊन आली. "बाबा, ओणवा हो."

मी गुडघे टेकले. का, ते विचारायचा हक्क मी गमावला होता. तिने वायर माझ्या पाठीवर दाबून वाकवली, पुठ्ठ्यावर रेघ ओढली, कमान कापली आणि खोगिराच्या पोटात लावून पाहिली. मग मधुराने आणि तिने मिळून खोगीर उचललं आणि माझ्या पाठीवर ठेवलं. इराने ते डावीकडे हलवलं, उजवीकडे हलवलं. तसूभरही सरकेना.

"परफेक्ट फिट," इरा म्हणाली, आणि चढून बसली.

स्वयंपाकघराच्या दारातून आई समाधानाने बघत होती. "म्हटलं होतं ना मी," ती म्हणाली, "वाढत्या अंगाचं घे म्हणून."