मधल्या धारेतला खडा

निवृत्तीनंतर वडिलांनी एक जुनी डेंगी विकत घेतली, तेव्हा दुर्गाघाटाच्या आमच्या गल्लीला बरेच दिवस पुरेल असा विषय मिळाला. डेंगी म्हणजे दोन वल्ह्यांची लहान होडी. जन्मभर शाळेत संस्कृत शिकवलेला मराठी बामण रोज पहाटे पंचगंगा घाटावरून एकटाच निघतो, काठाकाठानं धारेविरुद्ध मणिकर्णिकेच्या पुढे जातो आणि धारेबरोबर परत येतो, हे मल्लाहांना, म्हणजे घाटावरच्या नावाड्यांनाही विचित्र वाटे. "मास्टर साहब, हमारे पेट पर लात मत मारिए," म्हणून ते चिडवत. वडील हसत. शाळेत किंवा घरात मी त्यांना इतकं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

निघताना ते माझ्या दाराशी थांबून विचारायचे, "येतोस का?" सुरुवातीला मी गेलो, वल्हवायला शिकलो. मग बँकेत बढती मिळाली, मुलांच्या परीक्षा आल्या, गुडघे दुखायला लागले. "उद्या येतो," मी पांघरुणातूनच म्हणायचो. अशी बारा-तेरा वर्षं गेली. शेवटच्या हिवाळ्यात त्यांच्यानं वल्हं उचलवत नव्हतं, तरी दाराशी येऊन विचारायचे, आणि मला राग यायचा. कशाचा, ते आता सांगता येत नाही. खरं म्हणजे येतं, पण लाज वाटते.

ज्येष्ठात ते गेले. मणिकर्णिकेवर मडक्याला भोक पाडलं तो दगड, आमच्यात त्याला जीवखडा म्हणतात, दहा दिवस जपून ठेवला. त्या दहा दिवसांत गेलेला माणूस त्या खड्यातच असतो असं धरून सगळी पिंडं त्याच्यासमोर द्यायची, आणि दहाव्याला तो पाण्यात सोडायचा. बहुतेक लोक घाटाच्या पायरीवरूनच सोडतात. पण वडिलांनी मला बजावून ठेवलं होतं, "मला पायरीवरच्या चिखलात टाकू नका रे. मधल्या धारेत सोड. आणि तू एकटा जा. धाकट्याला नावेत बसवलंस तर तो ओकून ठेवेल."

धाकटा भाऊ पुण्याहून आला होता. विधी आटोपून आम्ही पायऱ्या उतरलो तेव्हा ऊन असलं तरी हवा पडली होती, पान हलत नव्हतं. आमच्या डेंगीवर लक्ष ठेवणारा म्हातारा मल्लाह म्हणाला, "भइया, आज रहे दीजिए. आंधी आई." वादळ येणार, असं त्याचं म्हणणं. मी ऐकलं नाही. मला एकट्याला जायचं होतं. दहा दिवस भोवती माणसंच माणसं होती, आणि मला वडिलांशी बोलायचं होतं. चुकलो, एवढंच म्हणायचं होतं. पण ते त्यांच्यासमोरच म्हणायचं होतं, आणि ते समोर असण्याची ही शेवटची वेळ होती.

खडा उपरण्याच्या गाठीत होता. वल्हवताना गाठ सुटेल या भीतीनं मी तो काढून तांब्यात ठेवला. तांब्यात तिलांजलीचं पाणी होतं, काळे तीळ होते. तांब्या पायांमध्ये घट्ट धरला आणि निघालो.

मधल्या धारेजवळ पोचतो न पोचतो तोच धारेच्या खालच्या अंगाला, पुलाकडचं आभाळ पिवळं झालं. वारा आला तो धारेच्या अगदी समोरून. धार एकीकडे ओढते, वारा दुसरीकडे ढकलतो, आणि मधलं पाणी नुसतं उसळतं. पलीकडच्या काठावरची रेती उडून माझ्या नुकत्याच भादरलेल्या डोक्याला टोचायला लागली. घाट दिसेनासे झाले. नाव आडवी झाली आणि एक लाट सरळ आत आली, मग दुसरी. घोट्यापर्यंत पाणी चढलं.

नावेत पाणी शिरलं की आधी ते उपसायचं, बाकी सगळं नंतर. वडिलांनी हे मला इतक्यांदा घोकून घेतलं होतं की विचार करावाच लागला नाही. एका हातानं वल्हं दाबून धरलं, दुसऱ्यानं हाताला लागलं ते भांडं उचललं आणि उपसायला लागलो. पंधरा वेळा उपसलं असेल, वीस वेळा असेल. नाव जरा हलकी झाली, तिचं तोंड वाऱ्याकडे वळलं, आणि तेव्हा माझं लक्ष हातातल्या भांड्याकडे गेलं. तो तांब्या होता.

मी नावेत गुडघ्यांवर बसून तळ चाचपला. फळ्यांच्या खाली हात घातला. तीळ सापडले, बोटांना चिकटलेले. खडा कधीच गेला होता, बहुधा पहिल्याच झटक्यात, घाण पाण्याबरोबर. ना मंत्र, ना नमस्कार. मी तेव्हा तिकडे बघतसुद्धा नव्हतो. वारा इतका होता की मी ओरडून रडलो तरी मला माझा आवाज ऐकू आला नाही.

काठाला कसा लागलो ते नीट आठवत नाही. बांधलेल्या मोठ्या नावांवर डेंगी आपटली आणि म्हाताऱ्यानं दोर फेकला, एवढं आठवतं. भावानं हात देऊन वर घेतलं. "सोडलास?" त्यानं विचारलं.

"सोडला."

ते खोटं नव्हतं. खडा धारेतच पडला होता, शास्त्राची काही तक्रार असायचं कारण नाही. तक्रार माझी आहे.

घरी आई वाट बघत बसली होती. "आंधीत अडकलास ना? तब्येत ठीक आहे?" आणि मग हळूच, "नीट सोडलंस ना त्यांना? काही बोललास?" मी हो म्हटलं. आंधी नंतर आली, आधी पाणी अगदी शांत होतं, असंही सांगितलं. खडा दोन्ही हातांनी सोडला, सरळ खाली गेला. ऐकताना तिचा चेहरा इतका निवला की मी आणखी दोन गोष्टी जोडल्या.

त्याला दोन वर्षं झाली. दर महिन्याला त्यांच्या तिथीला ती ते सगळं पुन्हा सांगायला लावते. आता मला ते पाठ झालंय. गेल्या महिन्यात मी सांगून संपवलं, तेव्हा तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "माझ्या वेळेलाही असंच कर हो. तू एकटाच जा. तुझ्यावर सोडलं की मला घोर नाही."

मी म्हटलं, "हो."