गोदूचा इंग्लिश धवला

गोदू वेखंडे गायला लागली की शेजारच्या पाड्यातली कुत्रीसुद्धा भुंकायची थांबतात, असं तिचा नवरा भगीरथ सांगतो. आता नवरा बायकोचं कौतुक करतो म्हणजे त्यात थोडं मीठमसाला असणारच, पण अगदीच खोटं नाही हो. किन्हवलीकडच्या दहा-बारा गावांत कुणाच्या घरी हळद असली की पहिलं बोलावणं भटजीला जात नाही, गोदूला जातं. ती धवलारीण. मांडव घालण्यापासून वरात निघेपर्यंत लग्नातल्या प्रत्येक विधीचं एक गाणं असतं, त्याला म्हणायचं धवला, आणि असे दोनशे-सव्वादोनशे धवले गोदूला तोंडपाठ. वही नाही, चिठ्ठी नाही. सगळे शिकवले भगीरथच्या आत्यानं, भिमा आत्यानं, जिला स्वतःचं नावही लिहिता येत नाही.

आणि अशा ह्या बाईचं घोडं अडावं कुठं? बारावीच्या इंग्रजीत!

अठराव्या वर्षी तिचे बाकी सगळे विषय सुटले होते, एवढं एक इंग्रजी राहिलं. ऑक्टोबरला पुन्हा बसू म्हणेपर्यंत लग्न ठरलं, हळद लागली, आणि इंग्रजीचं पुस्तक माहेरच्या माळ्यावर उंदरांनी वाचून संपवलं. त्याला झाली चोवीस वर्षं. मधल्या काळात गोदू पाड्यावरच्या अंगणवाडीत मदतनीस झाली. मदतनीस म्हणजे घरोघरी जाऊन पोरं गोळा करायची, त्यांची नाकं पुसायची, खिचडी ढवळायची, भांडी घासायची. पोरांना गाणी तीच शिकवायची, पण हजेरीपटावर सही सेविकाबाईंची. पंधरा वर्षं हेच. आता सेविकाबाई मे महिन्यात निवृत्त व्हायच्या होत्या. मदतनीस बारावी पास असेल तर ती जागा तिला, नाहीतर बाहेरच्या गावची कुणीतरी येणार, आणि गोदू पुन्हा खिचडीच्या टोपाशी.

तिला ती जागा हवी होती. उगाच आढेवेढे कशाला घ्या, अगदी मनापासून हवी होती. रोज अंगणवाडी झाडताना ती सेविकाबाईंच्या खुर्चीवर दोन मिनिटं बसून बघायची आणि कुणी येण्याच्या आत उठायची.

तेव्हा बेचाळिसाव्या वर्षी बाईनं सतरा नंबरचा, म्हणजे बाहेरून परीक्षेला बसायचा फॉर्म भरला. जुने मार्क कधीच बाद झालेले, त्यामुळे सगळे विषय पुन्हा. मराठी, इतिहास वगैरेंचं तिला काही वाटत नव्हतं, ते बोलता बोलता निघणार होते. इंग्रजी शिकवायला होती लेक रविना. रविना मुरबाडला कॉलेजात, बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला, शनिवारी घरी यायची. पत्र, निबंध, अर्ज सगळं घोकून झालं. आणि मग आलं ते क्रियाविशेषण उपवाक्य!

"ह्याचा नाव घेतानाच माझा दम जातो गो," गोदू म्हणाली. "त्या वाक्याचा काय होत असंल!"

"सोप्पंय आई," रविना म्हणाली. "'जवा बस आली' एवढंच बोललीस, तर समोरचा काय बोलंल?"

"बोलंल, मंग? फुडं सांग की."

"बस, हेच! म्हणून ते उपवाक्य. एकट्यानं उभं राहत नाय, त्याला मुख्य वाक्य लागतं. नि मुख्य वाक्यातलं काम कधी झालं, कुठं झालं, का झालं, कशासाठी, कुठल्या अटीवर, नि कशाला न जुमानता झालं, ते हे सांगतं."

गोदू चुलीपुढून ताडकन उठली. "अगो, ही तर झील!"

धवल्यात तसंच असतं. धवलारीण एकटी ओळ टाकते आणि मागं बसलेल्या बायका तिच्या जोडीची ओळ उचलतात, त्याला झील धरणं म्हणतात. नुसत्या झीलवाल्यांनी लग्न लागत नाही, आणि झील नसली तर धवलारणीचा घसा दुसऱ्या कडव्याला बसतो. चोवीस वर्षांपूर्वी कुणा मास्तरानं हे सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?

अंगणवाडीच्या पगारात भागत नाही म्हणून गोदू सकाळी लवकर रोजंदारीवर भेंडी तोडायला जायची; दुसऱ्या दिवशी गेली ती इंग्रजी घेऊनच. तिच्या झील धरणाऱ्या चौघीजणी त्याच शेतात होत्या, आणि तिनं प्रत्येकीला तिच्या स्वभावाप्रमाणे वाटणी करून दिली. काशी आयुष्यात वेळेवर कुठं पोचलेली नाही. दर वेळी शेळी व्यायलेली असते नाहीतर कुकरची शिट्टी उडालेली असते. तिला दिली कारणाची वाक्यं, बिकॉज आणि सिन्स. चंद्रकला अटीशिवाय पाऊल टाकत नाही. रिक्षा असली तर येते, गोडाचं असलं तर जेवते. तिला इफ आणि अनलेस. संजीवनीच्या मोबाईलमध्ये दिवसाचे सात गजर, तिच्याकडे वेळ, म्हणजे व्हेन, व्हाईल, बिफोर, आफ्टर. आणि भिमा आत्या! सत्तरी गाठलेली, गुडघे गेलेले, कान अर्धे गेलेले, डॉक्टरानं नाचू नको म्हणून बजावलेलं, तरी हळदीत पहिली उठणार ती. जरी आणि तरीची वाक्यं तिच्याखेरीज कुणाला शोभणार? दो, ऑल्दो, इव्हन दो. बांधावर क्रेट उचलत असलेल्या भगीरथलाही सोडलं नाही. तो चहा मिळावा म्हणूनच कामाला हात लावतो, म्हणून हेतूचं सो दॅट त्याच्या गळ्यात पडलं.

मग काय विचारता! इकडून गोदूनं ओळ टाकावी, "का गो रुसली वरमाय?" तिकडून काशी ओरडणार, "बिकॉज गो बिकॉज, सिन्स गो सिन्स!" गोदूनं म्हणावं, "मावशी नाय आली तर?" चंद्रकला भेंडीचं टोपलं वाजवत, "इफ गो इफ, अनलेस गो अनलेस!" सिन्सवरून काशीचं आणि संजीवनीचं चांगलंच वाजलं, कारण रविनानं सांगितलं की सिन्स वेळेतही बसतं. "माझा सिन्स तिला कशाला?" म्हणून काशी दोन दिवस तोंड फुगवून होती. तिसऱ्या दिवशी आली ती उशिरा, आणि सिन्सनं सुरुवात करून कारण सांगत आली. मालक बांधावर येऊन डोक्याला हात लावून उभा. पण भेंडी रोजच्यापेक्षा दीड क्रेट जास्त निघाली, मग तो कशाला बोलतोय!

ह्या सगळ्यात एक गोष्ट गोदूच्या ध्यानातच आली नाही. माणसाच्या जिभेला शेत कुठलं आणि मांडव कुठला हे कळत नाही.

जानेवारीच्या शेवटी किन्हवलीला कोंडूबाबांच्या नातीचं, अक्षदाचं लग्न होतं. दुपारची हळद. अंगण माणसांनी खच्चून भरलेलं, आणि नवऱ्याची आई मानपानावरून खरोखरच रुसून कोपऱ्यात बसलेली. गोदूनं नेहमीचा धवला उचलला आणि त्या ओळीवर आली, "का गो रुसली वरमाय?"

"बिकॉज गो बिकॉज!" मागून काशी कडाडली. मांडव थरथरला. आणि एकीनं सुरू केल्यावर बाकीच्या थोड्याच थांबणार? "व्हेन गो व्हेन! इफ गो इफ!" भिमा आत्या तर दो म्हणत उठून नाचायलाच लागली.

सगळं अंगण वळून बघायला लागलं. गोदूच्या पायाखालची जमीन सरकली. लग्नघरचा धवला म्हणजे काय चेष्टा आहे? दोनशे धवले चोख म्हटले आणि आज सगळ्या गावासमोर नाक कापलं! कोंडूबाबा काठी टेकत पुढं आले.

"गोदू, ह्यो कंचा धवला?"

"नवीन हाय बाबा," गोदू कशीबशी म्हणाली. "इंग्लिश."

कोंडूबाबांनी काठी आपटली. "थोरल्या नातीच्या लग्नात नव्हता तो!" ते म्हणाले. "तिला कशाला कमी केलात? म्हना, तिच्या नावानं पुन्हा म्हना!"

आणि कोपऱ्यातली वरमाय, जिच्या रुसण्यावर हे रामायण झालं, ती पदर तोंडाला लावून अशी हसली अशी हसली की मानपान विसरून हळद लावायला स्वतः पुढं आली. हा व्हिडिओ संध्याकाळपर्यंत सापगावला पोचला, दोन दिवसांत पार म्हसा गावापर्यंत. मग येईल तो माणूस म्हणायला लागला, आमच्याकडे पण तो बिकॉजवाला धवला पायजे. गोदू सगळ्यांना सांगत सुटली की बाबांनो, माझा पेपर हाय, पेपर झाल्यावर या.

फेब्रुवारीत पेपर. पहिलाच इंग्रजीचा. शहापूरच्या एका कॉलेजात नंबर आलेला. गोदू रोजंदारी बुडवू नका म्हणत असतानाही चौघी एसटीत चढल्या, भगीरथ डबा घेऊन चढला. चंद्रकला म्हणाली की खिडकीची जागा मिळाली तरच येते, आणि दारात उभी राहून आली. फाटकावरच्या शिपायानं त्यांना पार रस्त्यापलीकडे घालवलं.

गोदू आत गेली. वर्गात सगळी रविनाच्या वयाची पोरं. पत्र लिहिलं, उतारा सोडवला. मग आली ती उपवाक्यं. जोडा, ओळखा, बदला. गोदूनं मनात ओळ टाकली, "का गो रुसली वरमाय?" आणि वाट बघितली.

काहीच आलं नाही.

पुन्हा टाकली. "मावशी नाय आली तर?" काही नाही. वर पंखा तेवढा कुरकुरत होता. तेव्हा तिला कळलं की हे तिच्या डोक्यात कधी नव्हतंच, ते त्या चौघींच्या तोंडात होतं, आणि त्या चौघी रस्त्यापलीकडे. गेली जागा, गेली खुर्ची. डोळ्यांत पाणी आलं आणि ती नकळत पुटपुटायला लागली. पर्यवेक्षक सर लगेच जवळ आले.

"बाई, काय चाललंय? गाताय का काय?"

"गात नाय सर," गोदू रडकुंडीला येऊन म्हणाली. "गाणाच तर येत नाय!"

सरांनी तिच्याकडे बघितलं, बाकाखाली बघितलं, आणि "आवाज नको" म्हणून पुढं गेले.

गोदूनं डोळे पुसले. समोर फळ्याजवळ मोकळी जागा होती. मांडवात बायका बसायला अशीच जागा सोडतात. तिनं मनातल्या मनात तिथं चटई टाकली. संजीवनी आधी येऊन बसली, गजर बंद करत. चंद्रकलानं बजावलं, पंख्याखाली जागा असंल तरच बसते. भिमा आत्या गुडघ्यावर हात टेकत, आई गं आई गं करत आली आणि सगळ्यात पुढं बसली. काशी आलीच नव्हती. गोदूनं वाट पाहिली. मग धापा टाकत आली काशी आणि कारण सांगायला लागली, आणि तिचं तोंड उघडलं तसं सगळं सुटलं! गोदूचा अंगठा चपलेत ताल धरायला लागला. ओठ मिटलेले, पेन धावतंय, आणि मिटल्या तोंडानं बाई गालातल्या गालात हसतेय. सर पुन्हा एकदा बाकाखाली बघून गेले बिचारे.

बाहेर आली तशा चौघी अंगावर धावल्या. पेपर कसा गेला, हे एकीनंही विचारलं नाही.

"माझा बिकॉज आला का गो?"

"आला! दोनदा आला."

"नि इफ?"

"आला."

संजीवनीचा व्हाईल आला होता. सो दॅट आलं म्हटल्यावर भगीरथनं शिट्टी मारली. भिमा आत्या मागं उभी होती, हाताचा द्रोण कानाला लावून.

"माझा?" तिनं विचारलं.

दो आलं नव्हतं. खोटं बोलावं असं गोदूला वाटून गेलं, पण ज्या बाईनं दोनशे धवले शिकवले तिच्याशी कसं खोटं बोलणार? "नाय आला आत्या," ती म्हणाली. म्हातारीचा चेहरा एवढासा झाला. "बरा," ती म्हणाली, "माझा काय, माझा जुना झाला."

"ऐक तरी! त्यांनी नाय विचारला, म्हून मीच लिहिला," गोदू तिच्या कानाशी जाऊन ओरडली. "तुमच्या गावातल्या एका मानसाबद्दल लिवा, असा निबंध होता. मी लिहिला, दो भिमा आत्या इज सेव्हन्टी, शी डान्सेस फर्स्ट."

"म्हंजे काय?"

"म्हंजे, भिमा आत्या सत्तरीची झाली तरी नाचाला पयली उठते."

आत्या आणखी जवळ सरकली. मग विचारलं, "माझा नाव घातलास? त्या कागदावर?"

"घातला."

"नि तो कागद आता शाळेवाले नेनार?"

"नेनार. मोठे मास्तर वाचनार."

"सत्तर वर्षांत माझा नाव शाळेत गेला नव्हता," आत्या म्हणाली, आणि एसटी स्टँडपर्यंत गुडघ्याचं नाव न काढता सगळ्यांच्या पुढं चालत गेली.

मे महिन्यात निकाल लागला. रविनानं मोबाईलवर बघितला, आणि ओसरीवर सगळ्या तिच्याभोवती गोळा झाल्या. बाकीचे विषय आरामात सुटले होते. इंग्रजीत पस्तीस. पासाला लागतात पस्तीस!

"काठावर," भगीरथ म्हणाला.

"काठावर म्हंजे पानी पार केला ना?" गोदूनं त्याला गप्प केलं आणि अशी ओरडली की कोंबड्या पार परसात पळाल्या. सेविकेची जागा तिची झाली. आता हजेरीपटावर सही तिची.

मग ओसरीवर भांडण लागलं. काशी म्हणाली, बिकॉज दोनदा आला, तो नसता तर गोदू नापास होती. चंद्रकला म्हणाली, इफ नसता तर नापास. संजीवनी म्हणाली, व्हाईल नसता तर काय झालं असतं? आणि गंमत बघा, तिघींचंही खरं होतं. पस्तिसातला कुठलाही एक मार्क काढा, गोदू पुन्हा खिचडीच्या टोपाशी.

भिमा आत्याला अर्धंच ऐकू आलं होतं. तिनं रविनाला जवळ ओढलं.

"किती म्हनलीस?"

"पस्तीस, आजी."

"त्यात मी हाय ना?"

"हायस गो आजी."

"मंग चला," म्हातारी कंबर धरत उठली, "नाचाला आता कुनाची वाट बघताव?"