आधी जेवण, मग वॉल्ट्झ

नामदेवकाका गेल्याचा फोन मिलिंदने लॅबमधूनच केला. जर्मनीतल्या लुडविग्सहाफेनच्या एका केमिकल कंपनीत आम्ही दोघं बरोबर आहोत. "बाबा गेले रे... अमरावतीला," एवढंच तो म्हणाला.

काकांनी उभी हयात बँड पार्टीत ट्रंपेट वाजवला. काकू गेल्यावर ते दर उन्हाळ्यात मुलाकडे यायचे. मिलिंद राहतो त्या द्राक्षमळ्यांच्या गावात जुन्या पद्धतीचा एक डान्सबँड अजून तग धरून होता. वॉल्ट्झ, पोल्का आणि सगळे वादक साठीपलीकडचे. त्यांच्या ट्रंपेटवाल्याला कवळी बसली, फुंकणं संपलं आणि त्या जागी काका आले. पहिल्याच कार्यक्रमात वाजवता वाजवता ते स्टेज उतरून चालू लागले. जन्मभर वरातीपुढे चालत वाजवलेलं. एका जागी उभं राहून नाचवायचं असतं हे त्यांना कोण सांगणार? जोडपी गिरक्या सोडून त्यांच्या मागे निघाली. अकॉर्डियनवाला हर्बर्ट "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, असं म्हणत त्यांना परत घेऊन आला, जणू तसंच ठरलं होतं.

पुढे गावजत्रेचा, म्हणजे केर्वेचा, मोठा डान्स आला. वादकांचं जेवण स्वयंपाकघरामागच्या खोलीत मांडलेलं होतं. काकांनी ते पाहिलं, मग ते हॉलमध्ये आले आणि पाहुण्यांच्या टेबलावर बसले.

"बाबा, इथे तशी पद्धत आहे," मिलिंद हळूच म्हणाला.

"पद्धत तिकडेही होतीच की. वाजवायला पुढे, जेवायला मागच्या दारी, तेही सगळ्यांची पंगत उठल्यावर."

"अहो, इथे तसं काही नाही. जर्मन वादकही तिथेच बसतात."

"मग त्यांनाही बाहेर बोलाव."

मीही तिथेच होतो, मी हर्बर्टला भाषांतर करून सांगितलं. हर्बर्ट गोंधळला. मागच्या खोलीत बिअर फुकट होती आणि तिथे बायका नसायच्या. त्याला ती खोली आवडायची.

"बिअर इकडे आणा म्हणावं," काका म्हणाले.

उत्सव समितीचे अध्यक्ष कोटावरची पदकं सावरत आले. हे टेबल मान्यवरांचं आहे, त्यांनी समजावलं. काका जागचे हलले नाहीत. ट्रंपेट पेटीतच होता. नाचाचे बूट घालून आलेल्या आज्या कुजबुजू लागल्या. शेवटी हर्बर्ट आपली ताटली घेऊन बाहेर आला आणि काकांशेजारी बसला. मग बाकीचे आले. मान्यवरांनी खुर्च्या सरकवल्या... त्यांना नाच हवा होता.

यंदाची केर्वे काकांशिवाय झाली. अध्यक्षांनी त्यांचा फोटो फ्रेम करून आणला होता, आणि 'दोन संस्कृतींमधला पूल' असं एक भाषणही. माणसाचा पूल केला की त्याच्यावरून चालत जाता येतं. वादक हॉलच्या मधोमध जेवत होते.

"आता दोन शब्द बोलू का?" अध्यक्षांनी विचारलं.

"आल्झो... बरं तर, जेवण झाल्यावर," हर्बर्ट म्हणाला, आणि त्याने बटाटे पुन्हा वाढून घेतले.