तिसरा गट

रुग्णालयाच्या मागच्या अंगाला, जिथे रुग्णांचे नातेवाईक सहसा फिरकत नाहीत, तिथे धुलाई विभाग होता. तिथली मुकादम छप्पन वर्षांची होती. उंचीने बेताची, आवाजाने दणदणीत, आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. हाताखालची माणसं तिला पाठीमागे 'बॉयलर' म्हणत. हे तिला ठाऊक होतं. "म्हणू देत," ती म्हणायची, "बॉयलर थंड पडला की धुलाई बंद."

उगाच रागवायची मात्र नाही. एकदा मळक्या चादरीच्या घडीत सुई राहिली आणि गठ्ठे सोडणाऱ्या बाईच्या तळव्यात घुसली. मुकादम ती सुई बशीत घालून तडक तिसऱ्या मजल्यावर गेली, डॉक्टरांच्या टेबलावर बशी ठेवली आणि म्हणाली, "तुमची वस्तू आमच्याकडे आली होती." त्या मजल्यावरून पुन्हा सुई आली नाही.

ती इथे लागली तेव्हा उशांच्या अभ्र्यांच्या घड्या घालायची. तीस वर्षांत घड्यांवरून इस्त्रीच्या रोलरवर, रोलरवरून यंत्रांवर, आणि शेवटी मुकादमकीवर आली. आता तिच्या हाताखाली एकोणीस माणसं होती आणि चार यंत्रं, प्रत्येक यंत्राला दोन तोंडं. मळके कपडे भिंतीच्या अलीकडून आत जायचे आणि स्वच्छ होऊन पलीकडे निघायचे. अलीकडचं माणूस पलीकडे जायचं असेल तर अंगावरचे कपडे बदलून, कोपरापर्यंत हात धुऊन जायचं. साहेबांनाही सूट नव्हती.

एके दिवशी प्रशासन अधिकाऱ्याने तिला कागद दाखवला. जवळच्या प्राथमिक शाळेत 'व्यवसाय ओळख' नावाचा उपक्रम होता. चौथीच्या मुलांनी कामाच्या जागी जाऊन काम पाहायचं. मंगळवारी बारा मुलं धुलाई विभागात येणार होती, दोन तासांसाठी.

"जास्त काही करू नका," अधिकारी म्हणाला. "यंत्रं दाखवा, फोटो काढू द्या, पाठवून द्या."

मुकादमने मान डोलावली आणि आपल्याला हवं तेच केलं. फाटके कपडे शिवणाऱ्या बाईला बसवून तिने बाद चादरींचे बारा छोटे एप्रन शिवून घेतले. मळक्या बाजूला मुलांना न्यायचं नव्हतं, म्हणून तिथलं काम पलीकडून दिसावं यासाठी मधल्या भिंतीतल्या काचेला स्वतः फडकं मारलं. कुठल्या मुलाच्या हातात काय द्यायचं, हे रात्री जेवताना बोटांवर मोजत बसली.

"आई, एवढं काय त्यात?" सुनेने विचारलं.

"मुलं येणार आहेत माझ्याकडे," ती म्हणाली. तीस वर्षांत तिचं काम बघायला मुद्दाम कुणी आलं नव्हतं. घरातलंही नाही.

नात त्याच शाळेत चौथीत होती. आजीने तिला विचारलं, "तूही येणार ना गं मंगळवारी?"

"नाही, मी लॅबमध्ये," नात म्हणाली. तिचं लक्ष पेन्सिलीला टोक करण्यात होतं. लॅब त्याच रुग्णालयात, पुढच्या इमारतीत होती. आजीला थोडं वाईट वाटलं, पण सगळी मुलं एका जागी मावणार थोडीच, असं म्हणून तिने विषय सोडला.

मंगळवारी मुलं आली. सोबत एक तरुण शिक्षिका होती, नोकरीला लागून वर्षही झालं नसेल. एप्रन चढवले गेले, नाड्या बांधल्या गेल्या, एकाने एप्रन डोक्यावर घेऊन भूत केलं. मुकादमने त्याच्याकडे असं पाहिलं की भूत जागच्या जागी माणसात आलं.

"तर मंडळी," ती म्हणाली, "इथे का आलात, सांगा बघू."

कुणीतरी काम बघायला म्हणेल, असं तिला वाटलं होतं. पुढच्या रांगेतली एक किडकिडीत मुलगी, जिच्या वेणीची रिबीन सुटून खांद्यावर लोंबत होती, सरळ म्हणाली, "आमचा तिसरा गट आहे म्हणून."

"म्हणजे?"

"पहिला गट लॅबमध्ये गेला. दुसरा नकाशांच्या ऑफिसात. तिसरा इथे."

"तिसऱ्या गटाला गणित येत नाही," भूत झालेला मुलगा म्हणाला.

"आम्हाला पुढे हातानेच काम करायचंय ना," रिबीनवाल्या मुलीने समजावून सांगितलं. तिच्या आवाजात ना रडू होतं ना तक्रार. उद्या शाळेला सुट्टी आहे, असं सांगावं तसं तिने सांगितलं.

मुकादमच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने शिक्षिकेकडे पाहिलं. शिक्षिका फरशीकडे बघत होती.

आसपासच्या तिच्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. आता बाई फुटणार, हे त्यांना कळलं होतं. पण समोर बारा मुलं नव्या एप्रनमध्ये उभी होती. त्यांच्यासमोर फुटलं तर तो राग त्यांच्याच अंगावर सांडणार. मुकादमने दात आवळले.

"बरं," ती म्हणाली. "गणित येत नाही ना? मग कामाला लागू."

तिने त्यांना धुतलेल्या चादरींच्या ढिगापाशी नेलं. "एका वॉर्डात बत्तीस खाटा. प्रत्येक खाटेला दोन चादरी. माझ्या यंत्रात एका वेळी साठ मावतात. बोला."

बोटं मोजली गेली. दोघांनी भिंतीवर बोटाने आकडे काढले. एकाने नव्वद सांगितलं, एकाने पन्नास. मुकादम थांबून राहिली. तिला घाई नव्हती. शेवटी मागून आवाज आला, "चौसष्ट. चार उरतात."

"उरल्या चार. जाऊ दे, चारच तर आहेत. काय बिघडलं?"

रिबीनवाल्या मुलीने बोटांवर खाटा मोजल्या. मग म्हणाली, "दोन माणसांना चादर नाही मिळणार."

मुकादमने एकदम तोंड फिरवलं आणि उगाचच रोलरची कळ तपासली.

त्यानंतर उरलेला सगळा वेळ तिने रागाच्या भरात शिकवलं, आणि असं शिकवलं की तिची माणसंही हातातलं काम सोडून ऐकत राहिली. रक्ताचा डाग आधी थंड पाण्यात का काढायचा, गरम पाण्यात तो कायमचा का बसतो. शस्त्रक्रियेची हिरवी कापडं खालून दिवा असलेल्या काचेच्या टेबलावर पसरून भोक कसं शोधायचं, आणि टाचणीएवढ्या भोकातून जखमेपर्यंत काय पोचू शकतं. पाणी किती तापवायचं, किती मिनिटं तसंच ठेवायचं, आणि एक मिनिट कमी झालं तर सगळा घाणा पुन्हा का धुवायचा. मुलांनी भोकं शोधली, भांडली, एकाने घड्याळ हातात धरून मिनिटं मोजली आणि कुणाला जवळ फिरकू दिलं नाही.

मुलं बाहेर पाणी प्यायला गेली तेव्हा तिने शिक्षिकेला गाठलं.

"गट कुणी पाडले?"

"हेडसरांनी. चाचणीच्या गुणांवरून," शिक्षिका हळू म्हणाली. "मी बोलले होते, मावशी. पण मी नवीन आहे."

"मुकादम म्हणा. आणि मुलांना हे कुणी सांगितलं?"

"याद्या फळ्याशेजारी लावल्यात. वर लिहिलंय, कल आणि कुवतीनुसार."

संध्याकाळी नात उड्या मारत घरी आली. लॅबमध्ये त्यांना काचेमागून सूक्ष्मदर्शक दाखवलं होतं, आणि बिस्किटाचा एकेक पुडा मिळाला होता.

"हात लावून बघितलंस का काही?" आजीने विचारलं.

"नाही, लांबूनच. पण आमचा पहिला गट आहे. हुशार मुलांचा. तुझ्याकडे ते... दुसरे आले होते ना?"

"कोण दुसरे?"

नातीने खांदे उडवले. "ज्यांना जमत नाही ते."

मुकादम जे बोलायचं नव्हतं ते बोलली. "मग तुझी आजी कुठल्या गटातली? मलाही जमत नाही, म्हणूनच तुझ्या त्या डॉक्टरांची घाण धुते ना मी?" आवाज इतका चढला की नातीच्या हातातला पुडा खाली पडला. पोर रडत आतल्या खोलीत पळाली.

सून स्वयंपाकघरातून आली. "आई, तिच्यावर कशाला? तिने का पाडलेत गट?"

"उद्या जाते शाळेत."

"नका जाऊ," सून म्हणाली. "आपली पोर चांगल्या गटात आहे. तुम्ही भांडलात तर तिच्यावर राग काढतील." मुलगा जेवायला बसला होता. त्याने बायकोकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि पुन्हा ताटात पाहिलं.

मुकादमला त्या रात्री जेवणाची चव लागली नाही. चौथीत असताना गणिताचा तास सुरू झाला की गुरुजी तिला पिण्याच्या पाण्याची पिंपं भरायला पाठवायचे. "हिला तसंही कळत नाही," म्हणायचे. वर्षभर तिने पिंपं भरली. मोठ्यांनी सोपवलेलं काम म्हणून तेव्हा तिला त्याचा अभिमानही वाटायचा, आणि आज सगळ्यात जास्त चीड तिला त्या अभिमानाचीच येत होती. वजाबाकी तिला इथे, पस्तिशीला टेकल्यावर, रोलरवरच्या म्हाताऱ्या कारागिराने शिकवली होती.

दुसऱ्या दिवशी कामाच्या वेळेत ती शाळेत गेली. हेडसर माणूस वाईट नव्हता. त्याने तिला खुर्ची दिली, पंखा लावला.

"मावशी, प्रत्येक मुलाला झेपेल ते दाखवावं, एवढाच हेतू आहे."

"नऊ वर्षांच्या पोराला काय झेपेल, हे तुम्हाला एका चाचणीत कळलं?"

सर हसले. "आणि तुम्हीच सांगा, तुमच्या कामाचा तुम्हाला अभिमान आहे ना? मग तुमच्याकडे पाठवण्यात कमीपणा कसा?"

 शब्दांत अडकवायचं या माणसाला चांगलं जमत होतं. मग ती उठून उभी राहिली.

"अभिमान आहे, म्हणूनच आले. काम एवढं चांगलं, तर पहिला गट का नाही पाठवलात? शिक्षा म्हणून माझं काम वापरू नका. माझ्याकडे येणारं पोर 'आपल्याला येत नाही' असं म्हणतच आलं, सर. दारातच. अजून त्याने काही बघितलंही नव्हतं."

"याद्या वरून मंजूर झाल्यात. यंदा बदल होणार नाही."

"मग चिठ्ठ्या टाका."

"मावशी, शाळा अशी चालत नाही."

"मुकादम," ती म्हणाली आणि निघाली.

ती विभागात पोचण्याआधीच हेडसरांचा फोन प्रशासन अधिकाऱ्याला पोचला होता. कामाच्या वेळेत परवानगीशिवाय बाहेर गेल्याबद्दल तिच्या हातात लेखी ताकीद पडली. तीस वर्षांतली पहिली. तिने ती घडी घालून एप्रनच्या खिशात घातली आणि पुढच्या घाण्याला लागली.

पंधरा दिवसांनी चौथीची दुसरी तुकडी येणार होती. गट तसेच गुणांवरून पाडलेले, जागा त्याच. आदल्या दिवशी ती लॅबच्या तंत्रज्ञाकडे गेली. तो तिच्याच बरोबरीने इथे लागलेला, चष्मा कायम कपाळावर. तिने सगळं सांगितलं.

"मला वाटलं, सगळीच मुलं आलीत," तो म्हणाला. "अर्धी तर जांभया देत होती."

"काचेमागे उभं केलंस, जांभयाच देणार. उद्या हात लावू देशील?"

"देतो. पण साहेब विचारतील."

"मला विचारतील. माझ्याकडे एक कागद आहेच, दुसराही ठेवीन."

दुसऱ्या दिवशी फाटकाशी बस थांबली. पहिला आणि तिसरा गट त्यातच होता, सोबत तीच शिक्षिका. मुकादम आणि तंत्रज्ञ फाटकातच उभे होते. "याद्या कुठे आहेत?" मुकादमने विचारलं. शिक्षिकेने हातातला कागद पुढे केला, मग मागे घेतला आणि पर्समध्ये टाकला.

"सापडत नाही," ती म्हणाली. तिने पर्सची चेन ओढून बंद केली.

"हरकत नाही. एकेक सोडून एकेक उतरा रे. तू माझ्याकडे, तू यांच्याकडे. तासाभराने अदलाबदल."

पहिल्या गटातला एक मुलगा अडून बसला. "मी लॅबचा आहे!"

"तू अजून कुणाचाच नाहीस," मुकादम म्हणाली. "उतर."

चोवीस मुलांनी दोन्ही पाहिलं. अडून बसलेला मुलगा काचेच्या टेबलावरून उठायला तयार होईना. तिसऱ्या गटातल्या दोघांना सूक्ष्मदर्शकात काहीच दिसलं नाही, आणि एकीला लॅबच्या वासाने उलटी झाली. म्हणजे ठीकच चाललं होतं, मुलं जशी असतात तशी.

परिणाम व्हायचे ते झाले. मुकादमला दुसरी ताकीद मिळाली, तंत्रज्ञाला पहिली. पुढच्या वर्षी शाळेने रुग्णालयाचं नावच यादीतून काढलं. गट तसेच राहिले. तिसरा गट आता गाड्या धुण्याच्या जागी जातो, असं तिच्या कानावर आलं. शिक्षिकेची नेमणूक पुढे चालू ठेवली नाही. ही बातमी ऐकली त्या दिवशी मुकादमने रोलरपाशी एकट्याने उभं राहून इतक्या शिव्या घातल्या की घड्या घालणाऱ्या बायका चहा तसाच टाकून बाहेर जाऊन बसल्या. आपण जिंकलो, असं तिला एकदाही वाटलं नाही. त्या पोरीची नोकरी आपल्यापायी गेली, हे मनातून जाईना. तिने शिक्षिकेचा पत्ता शोधला, घरी गेली. शिक्षिकेने तिला पाणी दिलं आणि म्हणाली, "तुमच्यामुळे नाही गेली. यादी मीच पर्समध्ये टाकली होती."

घरी त्या संध्याकाळनंतर नात महिनाभर आजीशी मोजकंच बोलत होती. एका सुट्टीच्या दिवशी आजी कामावर निघाली, तेव्हा ती चपला घालून दारात उभी राहिली.

"मला बघायचंय तुझं काम."

"का?"

"असंच."

 सुनेने पोरीच्या हातात पाण्याची बाटली दिली.

विभागात नातीने अभ्र्यांच्या वीस घड्या घातल्या. अकरा वाकड्या निघाल्या. आजीने अकराही उलगडून तिच्यासमोर टाकल्या. पोरीने तोंड वाकडं केलं, पण पुन्हा घातल्या. दुपारी डबा खाताना ती म्हणाली, "मला अजूनही लॅबमध्येच जायचंय."

"जा की."

"तू अजून रागावलीयेस?"

"हो."

"माझ्यावर?"

मुकादमने डब्याचं झाकण लावलं. खोटं बोलायची तिला सवय नव्हती.

"तुझ्यावर आता थोडाच राहिलाय," ती म्हणाली. "ऊठ, हात धू. दोनचा घाणा निघेल आता."