खंडेनवमीला बंद राहिलेला पंप

रहाटणीच्या दीपमालाला कुणी विचारलं, तू काय करतेस, तर ती म्हणायची, "जंतू पाळते." खोटं नाही. चाकणच्या एका कंपनीत ती जंतूंना साखरपाणी घालते आणि औषधाला लागणारं एन्झाइम त्यांच्याकडून बनवून घेते. पण जंतू मेले भारी चिक्कू! कितीही खाऊ घाला, एन्झाइम आपलं चिमूटभर.

मग आली खंडेनवमी. यंत्रांची पूजा म्हणून साखर सोडणारा पंपही बंद केला, त्याला हार-कुंकू वाहिलं आणि पेढे खाऊन सगळे घरी पळाले. पंप पुन्हा चालू करायचं कुणाच्या ध्यानातच नाही! दसऱ्यानंतर साहेब म्हणाले, "उपाशी मेलं असेल सगळं, ओतून टाका." दीपमालाला ओतवेना. तपासलं, तर एन्झाइम कितीतरी पट! पण पुन्हा करून बघावं, तर कधी जमायचं, कधी सगळे जंतू मरायचे. वर्षभर तिनं पिच्छा पुरवला, तेव्हा कुठं खात्रीची रीत हाती आली.

कंपनीनं त्या रीतीचं पेटंट मागितलं, आणि पेटंट कार्यालयानं अर्ज फेटाळला. का, तर म्हणे ह्यात नवल काय, हे कुणालाही सुचलं असतं. अहो, मग सुचलं का नाही कुणाला?

कंपनी अपिलात गेली. वकील मिनल म्हणाली, "तेव्हा तुम्हाला काय ठाऊक नव्हतं, ते शपथेवर सांगा." इथंच दीपमाला अडली. संध्याकाळी भाकरी थापणाऱ्या सासूबाईंना, कुसुमताईंना म्हणाली, "आई, आता मलाच ते सोपं वाटतंय. त्यांचंच खरं असेल."

कुसुमताईंचा हात थांबला. "सोपं होतं, तर वर्षभर ताटावर बसून रडत का होतीस गं? मला त्यातलं काही कळत नव्हतं. पण तुलाही कळत नव्हतं, एवढं मी बघितलंय की!"

दीपमालानं कोर्टात शपथेवर तेच सांगितलं: मेलेले जंतू, साहेबांचं 'ओतून टाका', स्वतःचं रडणंसुद्धा. कोर्टानं तो नकार रद्द केला. उत्तर हाती आल्यावर प्रश्न सोपा दिसणारच, असं निकालात म्हटलं.

पेढे घेऊन ती घरी आली. कुसुमताईंनी तिच्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली आणि पहिल्यांदाच विचारलं, "पण शोध कसला लावलास, ते तरी सांग."

दीपमालानं सगळं समजावून सांगितलं.

"हात्तिच्या! उपाशी ठेवलं, एवढंच?"

दीपमाला खो खो हसली, आणि सासूच्या कुशीत शिरून रडलीसुद्धा.