इस्त्रीवालीने न घेतलेली शपथ

कोर्टाच्या मागच्या बोळात टेबल मांडून ती इस्त्री करायची. वकिलांचे काळे झगे, न्यायाधीशांचा झगा, सगळे तिच्या हाताखालून जायचे. काळ्या कापडावर इस्त्री थेट फिरवली की चकाकी धरते आणि ती काही केल्या जात नाही, म्हणून ती वर ओलं फडकं अंथरायची आणि मगच दाबायची. "कोर्ट मीच उभं करते," असं म्हणून हसायची. तिचा विनोद तेवढा एकच. बाकी बाई सरळ. इतकी सरळ की सोबत राहणाऱ्याच्या नाकी नऊ यावेत.

दर रविवारी ती ख्रिस्ती मंडळीत प्रार्थनेला जायची. भाड्याची खोली, पाचसहा बाकं, समोर खुर्ची आणि खुर्चीत पाळक. त्यांची शिकवण एका दमात सांगता येईल. सरकार देवाने नेमलेलं आहे, भलं असो वा बुरं. कर भरा, रांग मोडू नका, शिपायाला उलट बोलू नका. पण जीभ सरकारची नव्हे, ती ख्रिस्ताची. त्याने शपथ वाहायला मनाई केली आहे, तेव्हा राजा समोर उभा राहिला तरी शपथ वाहायची नाही. विश्वासणाऱ्याला 'हो' आणि 'नाही' एवढे दोन शब्द पुरे.

बाईने हे असं अंगी बाणवलं होतं की विचारू नका. पोरगा सात वर्षांचा असताना खेळता खेळता 'आईशप्पथ' म्हणाला, तर हिने त्याच्या जिभेवर कपड्यांचा साबण घासला. मोठा झाल्यावर त्याने मंडळीकडे पाठ फिरवली, त्यात नवल ते काय? गोदामात हमाली करायचा. राहायचा मात्र आईजवळ, आणि आईवर जीव होता त्याचा.

एक दिवस भर दुपारी गोदाम पेटलं आणि आत झोपलेला रखवालदार जळून मेला. पोराचं आदल्याच दिवशी मुकादमाशी कडाक्याचं भांडण झालं होतं. मुकादमाने बोट दाखवलं, पोलिसांनी उचलला. खरं तर त्या दुपारी पोरगा तापाने फणफणत घरी पडला होता, आणि ही टेबल न मांडता त्याच्या कपाळावर पट्ट्या ठेवत बसली होती. हे ठाऊक होतं फक्त दोघांना. त्यातला एक आरोपी, दुसरी ही.

साक्षीचा दिवस जवळ आला तशी ती पाळकांकडे गेली. "पाळकसाहेब, शपथ घ्यायला लावतील. घेऊ का?"

"नाही," पाळक म्हणाले. "सरकारने देह मागितला तर द्यायचा. जीभ मागितली तर द्यायची नाही."

"देह माझा नाही हो, पोराचा जाईल."

"मग आजवर काय शिकलात, बाई?"

अहो, तिथे बसून विचार करायचा, भांडायचं, तर ही मान डोलावून घरी आली.

कोर्टात ती पिंजऱ्यात उभी राहिली. "खरं तेच सांगीन," ती म्हणाली, "पण शपथ घेणार नाही. आमच्यात चालत नाही." तिनेच सकाळी दाबलेल्या झग्यातून न्यायाधीशांनी तिच्याकडे पाहिलं. पोराला मिळालेला फुकटचा वकील दुसऱ्याच खटल्याचे कागद चाळत होता.

"घेता की उतरता?" न्यायाधीशांनी विचारलं.

"आई, घे ना गं," पोरगा म्हणाला. एवढा दांडगा हमाल, पण आवाज पार बसलेला. तिने त्याच्याकडे बघायचं टाळलं आणि खाली उतरली.

निकालात न्यायाधीशांनी स्पष्ट म्हटलं की मुलगा निर्दोष आहे अशी ज्या आईला खात्री असते, ती एका शपथेपायी अडून बसत नाही. जन्मठेप झाली.

त्या रविवारी मंडळीने उभं राहून तिच्यासाठी स्तुतिगीत गायलं. सरकारपुढे न झुकलेली बाई आपल्यात आहे, असं पाळक म्हणाले आणि तिला पहिल्या बाकावर बसवलं. खोटं कशाला बोलू, तिला बरं वाटलं. पोरगा आत सडत होता आणि हिला बरं वाटलं.

पुढच्या आठवड्यात सरकारी वकीलबाई झगा न्यायला आली. घडी न्याहाळत सहज म्हणाली, "मावशी, प्रतिज्ञेवर साक्ष का नाही दिलीत? देवाचं नाव नको असेल तर नुसतं 'खरं सांगेन' एवढं म्हणायचं. आधी अर्ज करावा लागतो, बस. तुमचे पाळक खोलीच्या भाड्याच्या खटल्यात तसेच तर बोलले. मी तुमच्या उलटतपासणीची केवढी तयारी करून आले होते, सगळी वाया गेली."

"आता देता येईल?"

"आता? आता नाही हो. संधी होती तेव्हा तुम्हीच उतरलात."

ती टेबल तसंच टाकून पाळकांकडे गेली. पाळकांनी काही नाकारलं नाही. "मी मंडळीची खोली वाचवत होतो," ते म्हणाले. "तुमची परीक्षा वेगळी होती."

"मला सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही विचारलंत, शपथ घेऊ का. मी नाही म्हणालो. दुसरं काही विचारलं होतंत का?" एवढं बोलून त्यांनी दार लावून घेतलं.

तुरुंगात भेटीच्या दिवशी तिने जाळीपलीकडच्या पोराला सगळं सांगून टाकलं. लपवणं तिला कधी जमलंच नव्हतं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "वीस वर्षं कोर्टाच्या दारात उभी आहेस. वकिलांची गाऱ्हाणी ऐकतेस, कोण सुटलं, कोण अडकलं, सगळं तुला ठाऊक. आणि हेच ठाऊक नव्हतं?"

"नव्हतं रे बाळा."

"मला नाही खरं वाटत. तुला माहीत होतं, आणि तरी मला आत पाठवलंस."

"नाही रे. खरंच नाही."

"मग शपथ घे."

तिने दोन्ही हातांनी जाळी धरली. "तुझी शपथ," ती म्हणाली. "देवाची शपथ घेऊन सांगते, मला माहीत नव्हतं."

पोराने तिच्याकडे नीट पाहिलं.

"म्हणजे घेता येत होती," तो म्हणाला, आणि उठून आत गेला.