पंक्चरचं सोल्यूशन आणि वहिनीचं कुंकू

मी आयुष्यभर सत्याची कास धरली आहे. हे माझं मत नव्हे. कॉलेजातून निवृत्त झालो तेव्हा प्रमुख पाहुण्यांनी माइकवरून तसं जाहीर केलं. मी मान खाली घातली. लोकांना ती नम्रता वाटली. खरं तर शाल घसरत होती — आणि पहिल्या रांगेत माझी वहिनी बसली होती. तिच्याकडे बघणं मला जमत नव्हतं.

का जमत नव्हतं, ते मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतो, कारण तुमच्यासमोर मला रोज जेवायला बसायचं नाही.

आमच्या नंदनवन वस्तीतल्या घरी एक होम कॉम्प्युटर होता. दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, कळमेश्वरला कारखान्यात होता. तिथल्या एका साहेबाकडून त्याने तो आणला होता. सगळा कॉम्प्युटर कीबोर्डच्याच पोटात. टीव्हीला जोडायचा आणि प्रोग्राम टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवरून भरायचे. गल्लीतले लोक बघायला येत आणि चहा पिऊन जात.

दादा कामावर गेला की दुपारी वहिनी त्यावर बसायची. लग्न होऊन नुकती आली होती. मासिकातले प्रोग्राम एका बोटाने, मग दोन बोटांनी, मग न बघता टाइप करू लागली. सीताबर्डीला कॉम्प्युटरचा वर्ग निघाला होता. दसऱ्यानंतर तिने तिथे जायचं, असं दादाने कबूलही केलं होतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी चमच्याच्या दांडीने त्या कीबोर्डची बटणं उपटून पाहिली. आत काय असतं ते बघायचं होतं. एवढंच? — नाही, एवढंच नाही. वहिनी माझ्याहून वेगाने टाइप करत होती, आणि सायन्सला मी होतो. दोन बटणांच्या खालच्या दांड्या मोडल्या. मी सायकलच्या पंक्चरचं सोल्यूशन लावून ती बसवली. सोल्यूशन ओघळून आत गेलं आणि बटणं जागीच घट्ट झाली.

दुसऱ्या दिवशी वहिनीने रीतीप्रमाणे घरातल्या यंत्रांची पूजा केली. स्कूटर, शिलाई मशीन, आणि त्या वर्षी पहिल्यांदाच कॉम्प्युटर. हळद, कुंकू, अक्षता, फुलाने चार थेंब पाणी. संध्याकाळी दादा बसला, तर दोन बटणं दबेनात. वर कुंकू दिसत होतंच. निकाल लागायला वेळ लागला नाही.

"यंत्राले कोणी पाणी घालते काय? तुळस होय काय ते?" दादा म्हणाला. "आन् हे चालली वर्गात शिकाले."

"चुकलं माह्यं," वहिनी म्हणाली.

मी तिथेच होतो. हातात प्रसादाचं खोबरं होतं. तोंड भरलेलं होतं म्हणून बोलता आलं नाही, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. खोबरं चावायला किती वेळ लागतो?

वर्ग राहिला. दादा दुष्ट नव्हता. चार दिवसांत विसरलाही. वहिनीने मात्र त्या कीबोर्डला पुन्हा हात लावला नाही. उलट दादाला म्हणाली, "भाऊजीले देऊन टाका. त्यायचं तरी शिकणं होईन."

असं ते यंत्र माझ्याकडे आलं. त्या दोन बटणांवाचून मी शिकलो, पुढे जन्मभर कॉम्प्युटर शिकवला, आणि शाल-श्रीफळ घेतलं. मी परीक्षेसाठी अभ्यास करायचो तेव्हा वहिनी टीव्ही सोडून द्यायची — पडदा मला लागायचा ना. आपली मालिका शेजारी जाऊन बघायची. आज माझ्याजवळ जे काही आहे, ते तिने बाजूला होऊन मला दिलेलं आहे. हे मी भाषणात म्हटलं होतं. टाळ्या पडल्या. फक्त ती बाजूला कशामुळे झाली, तेवढं वगळलं.

दादा जाऊन आता दोन वर्षं होतील. मागच्या महिन्यात वहिनीने माळ्यावरून ते यंत्र काढलं. तिच्या नातीला बघायचं होतं. इतवारीतल्या एका भंगारवाल्याकडे मला तसाच एक मेलेला कॉम्प्युटर मिळाला. त्याची बटणं काढून ह्याला लावायची ठरली. वहिनी मदतीला बसली. बटणं धुवायला साबणाचं पाणी आणलं आणि वाडग्यावरच तिचा हात थांबला.

"पाणी चालते नं, भाऊजी? पाहा बा, मंग मले दोष नका देऊ."

"चालते," मी म्हणालो. ह्याहून जास्त काही बोलायला तेव्हा काय हरकत होती?

मग मी ती दोन बटणं उपटली. खाली पिवळं, कडक झालेलं सोल्यूशन. कुंकू वरच, कडेच्या फटीत — आत एक कणही गेला नव्हता. वहिनी वाकून बघत होती.

"हे काय होय, भाऊजी?"

"जुनं झालं का रबर वितळते," मी म्हणालो.

म्हणजे आता गुन्हे दोन झाले. पहिल्याच्या वेळी निदान वय कमी होतं.

नवी दोन बटणं आपापल्या दांड्यांसकट नीट बसली. वहिनीने हात पुसले, खुर्ची ओढली आणि बोटं ठेवली. टीव्हीच्या पडद्यावर तिचं नाव उमटलं — न बघता टाइप केलेलं. "अजून येते की," ती म्हणाली आणि मला म्हणाली, उपकार झाले. माझे. तिच्यावर.

बटणं मी मोडली होती. तिच्या पूजेने काहीही बिघडलं नव्हतं. तिचा वर्ग माझ्यामुळे गेला.

मी जे छापायला देतो ते वहिनी आधी वाचते, हेही वाचणार आहे. सध्या तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे आणि डॉक्टरांनी वाचायला मनाई केली आहे. तिला वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आहे.